स्वामीजींनी खुर्ची घेतली असती तर मराठवाडा मागं राहिला असता का?

गोदाकाठ : १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार घातला की आपलं काम संपतं, म्हणून स्पष्टच विचारतो. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत पोरं शिकवणारा हा माणूस १९३८ ला सत्याग्रहात उतरला, निझामाच्या तुरुंगात जाऊन बसला, आणि हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर राज्य मात्र दुसऱ्यांच्या हाती जाऊ दिलं. १९५२ ला हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव, स्वामीजी गुलबर्ग्याचे नुसते खासदार. मला हे आजही पटत नाही. त्यातून १९५६ ला हैदराबाद मोडलं तेव्हा आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात बिनशर्त गेले, विदर्भानं एकत्र येण्याच्या अटींचा नागपूर करार तरी करून घेतला.

बालाघाट : थांबा, १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याचे पुढारीही होते, ते वाचा आधी. आणि खुर्चीचं म्हणाल तर हैदराबादचा मुख्यमंत्री होऊन हैदराबादच मोडा असं कसं म्हणता आलं असतं हो? नेहरूंना सुरुवातीला ते राज्य तोडायचं नव्हतं, तरी स्वामीजी तेलगू, कानडी, मराठी भाग आपापल्या भाषेच्या राज्यात गेलेच पाहिजेत म्हणून अडून बसले. खुर्चीत बसले असते तर तेच राज्य सांभाळत बसावं लागलं असतं.

अंबाजोगाईची लेक : शाळा आणि राजकारण तुम्ही दोघंही वेगळं धरताय, तिथंच माझा विरोध आहे. निझामाच्या गश्ती निशाण ५३ या फर्मानानं साधी सभा घ्यायलाही परवानगी लागायची, उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून, अशा वेळी मराठी शाळेचा वर्ग हीच एक जागा होती जिथं चार पोरं एकत्र बसून देशाचं बोलू शकत होती, त्यातलीच पुढं चळवळीत आली. ते काम मंत्र्याच्या सहीनं होत नसतं.

गोदाकाठ : शाळेचं मान्य, राज्य मोडायचं होतं तेही मान्य. पण मोडल्यावर? १९५७ ला ते औरंगाबादचे खासदार होते, मुंबईत आपल्या वाट्याचा पैसा मागायला कोण होतं? मागास भागाचा अनुशेष पाहणारं वैधानिक विकास मंडळ यायला १९९४ उजाडलं. तोवर किती पिढ्या पुण्या-मुंबईला गेल्या, आमच्या गल्लीत आज म्हातारेच उरलेत. त्यागाला हात जोडतो मी, पण त्यागानं कालवा येत नाही, कारखाना येत नाही.

बालाघाट : मग मुक्तिलढ्यातल्या गोविंदभाई श्रॉफांचं काय? तेही मास्तरच, तेही सत्तेबाहेर. मराठवाडा जनता विकास परिषदेतून मनमाड-औरंगाबाद ब्रॉडगेज रेल्वेसाठी लढले ना. आणि १९५६ नंतर आपल्या भागातले आमदार, मंत्री झाले की, खुर्च्या होत्या त्यांच्याकडं. त्यांना हिशेब विचारायचा सोडून १९७२ ला गेलेल्या संन्याशाला का विचारता?

गोदाकाठ : त्यांनाही विचारतोच आहे. पण दिल्लीत ज्याच्या शब्दाला वजन होतं असा तेव्हा आपला दुसरा कोण होता, ते सांगा.