अनुभव धागा : सरकारचा खर्च, कर आणि कर्ज. भांडण्याआधी कुठला आकडा बघायचा?

जुनी वही
१९९१ साली देशाने सोनं गहाण ठेवलं तो विषय आज निघाला आणि संध्याकाळी पाचला रेडिओभोवती बसून ऐकायचा केंद्राचा अर्थसंकल्प आठवला. (१९९९ पासून सकाळी अकराला आला, नवीन मंडळींसाठी सांगतेय.) तेव्हाही बोलणं हेच: सरकार उधळतंय, कर फार, देश कर्जात बुडाला. आता सगळी कागदपत्रं घरबसल्या बघता येतात, तरी आपण ती न उघडताच भांडतो. म्हणून हा धागा. ज्यांचा या कागदांशी रोजचा संबंध आहे त्यांनी लिहा: कुठलं पान बघायचं, गल्लत कुठे होते.

सुरुवात करते. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. फरक ४५,८९१ कोटी, ही महसुली तूट. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षात एकूण उसने घ्यायचे पैसे, १,३६,२३५ कोटी. पहिलीला दुसरीने भागा, जवळपास ३४ टक्के येतात. म्हणजे वर्षभराच्या उसनवारीचा तिसरा हिस्सा पूल, धरण, इमारत यात जातच नाही, चालू खर्चात जिरतो. एकूण कर्ज ९.३२ लाख कोटी हा आकडा सगळे तोंडावर फेकतात. मला हा तिसरा हिस्सा जास्त टोचतो.

कोषागार खिडकी
मस्त धागा. लेखाशीर्षाचा (सरकारी हिशेबात प्रत्येक बाबीला दिलेल्या चार अंकी क्रमांकाचा) पहिला अंक बघायची सवय लावा, अर्धी गल्लत तिथेच संपते. ० किंवा १ म्हणजे महसुली जमा. २ किंवा ३ महसुली खर्च. ४ किंवा ५ भांडवली खर्च, म्हणजे पूल-इमारतीसारख्या टिकाऊ गोष्टी. ६ किंवा ७ कर्जं आणि आगाऊ रकमा. रस्त्यांची देखभाल ३०५४, नवीन रस्ते-पूल ५०५४. दोन हजार मिळवले की महसुलीवरून भांडवलीवर. व्याज २०४९, पेन्शन २०७१, आणि राज्याने स्वतः उचललेलं कर्ज ६००३. केंद्राकडून घेतलेलं ६००४.

"रस्त्यांवर इतके कोटी" अशी बातमी आली की आधी विचारा, ३०५४ का ५०५४?

मोगरा
६००४ मध्ये ते ५० वर्षांचं बिनव्याजी कर्जही येतं ना? २०२०-२१ पासून केंद्र देतंय ते?

कोषागार खिडकी
हो, तिथेच. आणि केंद्राने राज्याला घातलेल्या नेहमीच्या कर्जमर्यादेच्या ते वर असतं. त्यामुळे मर्यादेची टक्केवारी बघताना ते वेगळं काढायचं, नाहीतर हिशेब जुळत नाही.

तिठा
व्याजाबद्दल एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. कर्जाचं व्याज हा भारित खर्च. विधानसभेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. घटनेचं कलम २०२ आणि २०३ वाचा. म्हणजे "व्याज कमी करा" ही मागणी यावर्षी करून उपयोग शून्य, ते आठ-दहा वर्षांपूर्वी ठरलेलं असतं. राज्याचं व्याज २०२५-२६ ला ६४,६५९ कोटी, महसुली जमेच्या साडेअकरा टक्के. केंद्राचं बघा: १२.७६ लाख कोटी व्याज, महसुली जमा ३४.२० लाख कोटी. ३७ टक्के! दोघांना एकाच तराजूत घालू नका.

आजोळ
फोनवरून लिहितेय, चुका पोटात घाला. "प्रत्येक मराठी माणसाच्या डोक्यावर इतकं कर्ज" हा भागाकार कृपया थांबवूया. साडेबारा कोटी लोक धरले तर ७४-७५ हजार येतात, पण ते कोणी तुमच्या दारात मागायला येत नाही. भागायचंच असेल तर व्याज भागा, माणशी वर्षाला पाच हजारांवर जातं. ही रक्कम मात्र खरोखर दरवर्षी जाते, आणि तिच्यातून एकही शाळा उभी राहत नाही.

पाटबंधारे वस्ती
खर्चकपातीवर लिहितो कारण सगळे म्हणतात "कपात करा". कपात कशाला लागते ते बघा. पगार थांबत नाही, पेन्शन नाही, व्याज तर नाहीच. उरतं काय? भांडवली कामं. बीम्सवर (राज्याच्या निधीवाटपाची संगणक प्रणाली) निधी वितरणाची टक्केवारी खाली आणली की कामाला मंजुरी आहे, ठेकेदार जागेवर आहे, पण देयकाला पैसे नाहीत. याला बचत म्हणणं चूक आहे. देणं तसंच उभं राहतं, फक्त त्या वर्षीच्या हिशेबात दिसत नाही.

पुढे काय होतं? काम रेंगाळतं, भाववाढीचं कलम लागू होतं, सिमेंट-लोखंडाचे नवे दर, भूसंपादनाचे नवे दर, मग सुप्रमा. (सुधारित प्रशासकीय मान्यता.) एक सुप्रमा, मग दुसरी. कालव्याचं शेवटचं टोक राहिलं तर धरणात पाणी असूनही शेतात पोचत नाही, आणि आधी घातलेल्या पैशाचं व्याज चालूच. शिवाय देयकं अडकतात हे कळल्यावर पुढच्या निविदेत ठेकेदार वाट बघण्याची किंमत आधीच धरतो. मला विचाराल तर शंभर नवी कामं सुरू करण्यापेक्षा ८० टक्क्यांच्या पुढे गेलेली आधी संपवणं, हीच खरी काटकसर.

मोगरा
हे वाचून जीव हळहळला. आमच्याकडचा अर्धा कालवा डोळ्यासमोर आला. कुकर लावून येते, मग लिहिते.

रेघ
पुरवणी मागण्यांचं कोणी लिहिलं नाही अजून. एरवी मार्चमध्ये अर्थसंकल्प, आणि पावसाळी अधिवेशनात लगेच पुरवणी, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाची मागणी. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४,८८९ कोटी, २०२५ च्या पावसाळीत ५७,५०९ कोटी. पण दमाने. स्थूल आकडा आणि निव्वळ भार वेगळे. २०२५ च्या त्या मागण्यांचा निव्वळ भार ४०,६४४ कोटी होता, कारण काही रकमा फक्त हिशेबात इकडून तिकडे जातात किंवा केंद्राकडून परत मिळतात. बातमीत नेहमी मोठा आकडा येतो. पुस्तिकेच्या सुरुवातीच्या निवेदनात निव्वळ भार असतो, तो बघा.

लाडक्या बहिणीचं गणितही सोपं आहे. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. २०२५-२६ ची तरतूद ३६,००० कोटी. भागा: बरोबर दोन कोटी बहिणी. लाभार्थी याहून जास्त असतील तर एकतर पुरवणी येणार नाहीतर छाननी. योजना हवी की नको हा वाद वेगळा, तो जरूर घाला. पण हा भागाकार करून घाला.

आजोळ
रेघ, दोन कोटींचा भागाकार आत्ता करून बघितला. खरंच की!

वहिवाट
करांवर दोन शब्द. पगारपत्रकातला व्यवसाय कर बघा: दरमहा २००, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. ही घटनेतली कमाल मर्यादा, १९८८ पासून तिथेच. महाराष्ट्रात हा कर १९७५ चा, रोजगार हमीसाठी आणलेला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळातल्या मजुराच्या कामासाठी द्यायचा आणि तितकीच रक्कम सरकारने घालायची. कर कशासाठी हे इतकं स्वच्छ सांगणारा दुसरा कर मला माहीत नाही. महिलांना २५,००० पगारापर्यंत माफ आहे, कापला जात असेल तर आस्थापना विभागाला दाखवा.

गव्हाची ओंबी
वहिवाट, विषयांतर करतो. १२ लाखांपर्यंत कर नाही, मग १२,१०,००० उत्पन्न असेल तर ६१,५०० भरायचे का? घरात वाद चालू आहे.

वहिवाट
नाही. नव्या पद्धतीत सीमांत सवलत मिळते. १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न तितकाच कर, म्हणजे १०,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर. साधारण १२,७०,५०० च्या पुढे ही सवलत संपते. पगारदाराने आधी ७५,००० ची प्रमाणित वजावट काढायची, मग हे गणित. शेअरवरच्या अल्पकालीन नफ्याला मात्र ही सूट नाही, तिथे बरेच जण फसतात.

आणि तो ४ टक्के उपकर राज्यांना वाटला जात नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात केंद्राच्या करांच्या वाटपयोग्य रकमेतले ४१ टक्के राज्यांना, त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. उपकर आणि अधिभार या वाटपाच्या बाहेर. राज्याच्या कर्जाबद्दल बोलताना हेही बोलायला हवं.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इथे खर्च मंजूर करणं वेगळं आणि कर्जाची कमाल मर्यादा वाढवणं वेगळं, त्यामुळे मंजूर झालेल्या खर्चावरही नंतर अडवणूक होते. आपल्याकडे तसं काही आहे का?

तिठा
तसं नाही. राज्यावर केंद्राचं कर्ज बाकी असेल तर नवं कर्ज उचलायला केंद्राची संमती लागते, कलम २९३(३). तिथेच मर्यादा घातली जाते. अर्थसंकल्प वेळेत झाला नाही तर लेखानुदान (काही महिन्यांच्या खर्चाला तात्पुरती मंजुरी), २०२४ ला फेब्रुवारीत तसंच झालं होतं आणि पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला आला.

रेघ
कर्ज उचलतात कसं तेही सांगतो. बहुतेक मंगळवारी रिझर्व्ह बँक राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव करते. मुद्दल शेवटी एकरकमी. म्हणून आज काढलेलं दहा वर्षांचं कर्ज त्या वर्षीच्या सरकारला टोचत नाही, पुढच्याच्या पुढच्याला टोचतं. २०२१ पासून सामान्य माणूसही रिझर्व्ह बँकेच्या खात्यातून १०,००० पासून हे रोखे घेऊ शकतो.

मोगरा
आले. कुकर झाला. वर्षाच्या मध्येच कळायला काही साधन आहे का, की पुढच्या मार्चची वाट बघायची?

कोषागार खिडकी
आहे. कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) संकेतस्थळावर प्रत्येक राज्याचे मासिक प्रमुख निर्देशक असतात. लेखापरीक्षण व्हायचं असतं, पण दिशा कळते. बाराने भागून बघू नका, मार्चमध्ये देयकांचा पूर येतो. गेल्या वर्षीचा तोच महिना शेजारी ठेवा आणि भांडवली खर्चाची ओळ आधी वाचा.