मदत हवी आहे: पतसंस्थेसाठी पुराचा आराखडा कसा करावा?

नमस्कार मंडळी,

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका गल्लीत आमची छोटी पतसंस्था आहे. तळमजला, १३ कर्मचारी. मी व्यवस्थापक.

२५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग चालू होता, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. गंमत म्हणजे आमच्याकडे पाणी दारातून आलंच नाही, मोरीच्या जाळीतून उलटं वर आलं. सकाळी शटर उघडलं तर यूपीएसच्या बॅटऱ्या पाण्यात आणि कर्जाच्या फायलींचा खालचा कप्पा भिजून फुगलेला. शिपाई त्याच पाण्यात उभा राहून मेन स्विचला हात घालत होता, ओरडून थांबवलं. पुढचे चार दिवस गच्चीतल्या पत्र्याखाली दोऱ्या बांधून वचनचिठ्ठ्या चिमट्यांनी वाळत घातल्या. बॉलपेनच्या सह्या टिकल्या, शाईपेनच्या जामीनदारांचे नुसते निळे डाग उरले.

तेही निस्तरलं असतं. पण दोन दिवस शटर बंद ठेवताना मी त्यावर "तांत्रिक कारणामुळे कामकाज बंद" अशी चिठ्ठी चिकटवली (अक्कल माझीच). तिसऱ्या दिवशी दारात ही गर्दी. "संस्था बुडाली म्हणे?" बुडाली होतीच हो, घोट्यापर्यंत! सोनेतारणाची तिजोरी कोरडी आहे हे पटवून देता देता घसा बसला. काहींनी मुदतीआधीच ठेवी मोडल्या.

मग संचालक मंडळाने एका सल्लागाराकडून आराखडा करून घेतला. २२ पानं, सगळी इंग्रजीत. समन्वयक म्हणून ज्यांचं नाव आहे ते मार्चमध्येच नोकरी सोडून गेले. भूकंपावर चार पानं आहेत, ठेवीदारांना काय सांगायचं यावर एक ओळ नाही.

तर जाणकारांनी सांगावं: विसर्ग वाढला की फायली उचलायच्या हे ठरवायचं कोणी? अध्यक्षसाहेब रात्री फोन बंद ठेवतात. आणि कामकाज बंद असताना अफवा कशी रोखायची?

प्रतिसाद १

ताई, ओढ्याकाठी आमचा छापखाना आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कागदाचा लगदा करून दिला, तेव्हापासून शहाणे झालो. २२ पानं कपाटात ठेवा, एकच पान करा, मराठीत. त्यावर तीन माणसं क्रमाने. पहिल्याने फोन उचलला नाही की निर्णय दुसऱ्याचा, नंतर कुणी त्याला जाब विचारायचा नाही, हे मंडळाच्या ठरावात लिहून घ्या. जलसंपदा खात्याकडून विसर्गाची सूचना आली की उचलाउचल सुरू. दहा वेळा फुकट उचललं तरी हरकत नाही. जून ते सप्टेंबर खालचे दोन कप्पे रिकामेच ठेवा, बॅटऱ्या भिंतीवरच्या स्टँडवर घ्या. मोरीला उलटं पाणी अडवणारी झडप बसते, प्लंबरला विचारा. पाणी शिरलं तर वीज महावितरणकडून तोडून घ्यायची. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, अग्निशमन १०१. विमा असेल तर फोटो काढल्याशिवाय चिखल काढू नका.

प्रतिसाद २

मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो. ठेवीदार कुलपाला घाबरत नाही, कारण न सांगितलेल्या कुलपाला घाबरतो. सभासदांच्या मोबाइल नंबरांची यादी आणि रोजचा बॅकअप इमारतीबाहेर हवा, म्हणजे त्याच सकाळी संदेश जातो. शेजारच्या एखाद्या संस्थेशी आत्ताच बोलून ठेवा: अडचणीत त्यांच्याकडे एक टेबल टाकून निदान चौकशीला माणूस बसवायचा. अग्निशामक सिलिंडरवरची तारीखही पाहून घ्या. आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं, बहुतेक जण विसरतात.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. तारीख पाहिली, उलटून गेली आहे. टेबलासाठी पलीकडच्या गल्लीतल्या संस्थेच्या व्यवस्थापकांना उद्याच भेटते. शटरवरच्या फलकाचा मसुदा: "कार्यालयात पुराचे पाणी शिरले आहे. तिजोरी व ठेवी सुरक्षित. चौकशी अमुक ठिकाणी, सकाळी ११ पासून." यात "सुरक्षित" वाचून लोक उलट जास्त घाबरतील का?