'तारण' म्हणजे गहाण, आणि 'निवडलेले' कोण?

पाटीपेन्सिल :
एक छोटी पुस्तिका भाषांतराला घेतली आहे. सुवार्तिक (इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट) मंडळींसाठी आहे. विषय तारण (देवाने माणसाला पापातून वाचवणं), देवाने केलेली निवड आणि त्यानंतरचं जगणं. मसुदा वाचणाऱ्या बाई ख्रिस्ती नाहीत, पण मराठी पक्कं. त्यांनी पहिल्याच पानावर 'तारण'भोवती गोल काढून समासात लिहिलं, "हे कर्जाच्या कागदातलं वाटतं. मोक्ष करा." पुढे 'निवडलेले लोक' याच्या शेजारी, "कोणत्या मतदारसंघातून?"

हसू आलं, पण अडलो. तशात माझा खरा खोळंबा शेवटच्या प्रकरणाशी आहे. नव्या कराराच्या ग्रीकमधलं 'पिस्तोस' हे विशेषण विश्वास ठेवणाऱ्यालाही लागतं आणि ज्याच्यावर विसंबता येईल त्यालाही. मराठीत 'विश्वासी' म्हणू की 'विश्वासू'? लेखकाला दोन्ही अर्थ एकदम हवे आहेत.

खटपट्या :
बाईंचं बरोबर आहे. 'तारण' म्हटलं की आधी सोनेतारण आठवतं. सरळ 'मुक्ती' लिहा. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या संस्थेचं नावच 'मुक्ती'. त्यांच्यापेक्षा कडवं कशाला व्हायचं?

जुनीवही :
मुक्ती एक वेळ चालेल, मोक्ष अजिबात नको. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांतला माणूस फेऱ्यात अडकलेला नाही, तो पापाखाली आणि देवाच्या न्यायाखाली सापडलेला आहे. शिवाय त्याला शेवटी देहातून सुटायचं नसून देहासकट उठायचं आहे. मोक्ष लिहिलंत की पुनरुत्थानाचा सगळा भाग वाचकाला उलटा वाटेल. सुटलेला जीव परत शरीरात कशाला येईल?

आणि 'तारण'चं बळ क्रियापदात आहे. आपल्याकडे 'तरणे' आणि 'तारणे' अशी जोडी आहे. तरतो तो आपला आपण. ज्याला तारायचं त्याला कुणीतरी तारणारा लागतो. मुक्ती मिळवता येते. 'मी माझं तारण मिळवलं' म्हणून पाहा, जीभ अडखळते. पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे असं जे बजावलंय, ते या प्रयोजक क्रियापदात न सांगता येतं. 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणताना कुणाच्या मनात सोनं गहाण पडतं का?

स्वल्पविराम :
जीभ अडखळते म्हणता, पण फिलिप्पैकरांस २:१२ मध्ये तोच पौल आपलं तारण भीत आणि कापत साधून घ्या म्हणतो. मराठी बायबल तिथे अडखळलेलं नाही.

जुनीवही :
पुढचं वचन वाचा की. इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात देवच घडवतो, असं लगेच तेराव्यात आहे.

स्वल्पविराम :
वाचलंय. म्हणूनच म्हणतो, हा शब्द एका बाजूला ओढू नका. काळही बघा. इफिसकरांस पत्रात तारण झालेलं आहे, १ करिंथ १:१८ मध्ये होत आहे, रोम ५:९ मध्ये व्हायचं आहे. मराठीत 'तारण झालं' म्हटलं की फाइल बंद झाल्यासारखं वाटतं, आणि मग पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणाची गरजच उरत नाही.

मोडीवाचक :
माझं एक लाडकं मत. गहाणाचं तारण आणि देवाचं तारण हे एकच. कर्जदार बुडाला तरी सावकाराला जे तारून नेतं ते तारण. शब्दाला लाज वाटायचं कारण नाही.

हिंदू शब्द टाळायच्या सोवळ्याबद्दल म्हणाल तर गोव्यातल्या जेझुइट फादर स्टीफन्सने १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गाला बेलाशक 'वैकुंठ' म्हटलंय. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तर तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे. उलट रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल पुन्हा मराठीत करायला बसल्या, कारण आधीचं मराठी त्यांना जड आणि परक्या तत्त्वज्ञानाने भरलेलं वाटलं. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापून झालं. म्हणजे हे भांडण आपण लावलेलं नाही.

उंबरठा :
तारणावर शाई संपली, निवडीचं कोण बघणार? मला 'निवडणे' हेच क्रियापद धोक्याचं वाटतं. 'निवडून घेणे' आणि 'निवडून काढणे' दोन्ही त्यातच. 'खडे निवडणे' घ्या. निवडले जातात खडे, आणि फेकलेही तेच जातात! आता वाचकाला सांगा की देवाने जगाच्या स्थापनेपूर्वी काही लोक निवडले. त्याने घाबरावं की आनंद करावा?

विनोद सोडा, वादाचा गाभा इथेच आहे. निवड म्हटलं की उरलेल्यांना नाकारलं हे ओघाने येतं की नाही? डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली पाच कलमं मांडली. त्यांत निवड आहेच, पण जे विश्वास ठेवतील आणि शेवटपर्यंत टिकतील त्यांची. १६१८-१९ च्या हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेने उत्तर दिलं की विश्वास हे निवडीचं कारण नव्हे, फळ आहे. १७३९ मध्ये मेथडिस्ट वेस्लीने (आर्मिनियसची बाजू) फुकट कृपेवर प्रवचन करून याच मुद्द्यावर डॉर्टच्या बाजूच्या व्हाइटफील्डशी उघड वाकडं घेतलं. दोघेही सुवार्तिक, दोघेही एकाच धर्मजागृतीचे पुढारी. पाटीपेन्सिल, तुमचा लेखक यातल्या कुठल्या बाजूचा ते कळल्याशिवाय शब्द कसा सुचवायचा?

मोडीवाचक :
'वरणे' का नको? कठोपनिषदात आहे, हा आत्मा ज्याला वरतो त्यालाच तो लाभतो. वरण्यात प्रेम आहे, फेकणं नाही.

खटपट्या :
'वरणाचा सिद्धांत' असा मथळा वाचून वाचक भलत्याच पानावर जाऊन बसेल.

उंबरठा :
आणि नववधूचा अर्थ चिकटेल तो वेगळा. (मंडळी ख्रिस्ताची वधू हेही आहेच, पण दोन रूपकं एका वाक्यात कोंबू नयेत.)

जुनीवही :
आपल्याकडे हा वाद समजावायला जुने दोन न्याय आहेत. मांजरीचं पिल्लू आईने तोंडात धरून न्यायचं, माकडाच्या पिल्लाने आईला घट्ट धरायचं. मार्जारकिशोर आणि मर्कटकिशोर. डॉर्टवाले मांजर, आर्मिनियसवाले माकड.

स्वल्पविराम :
सुटसुटीत आहे, पण आर्मिनियसवर अन्याय होतो. त्याच्याही मते माणूस आपण होऊन काही धरू शकत नाही. आधी येऊन जागं करणारी कृपा लागतेच, फक्त तिला झिडकारता येतं. या कृपेला एका भाषांतरात 'पुरोगामी कृपा' असं वाचलंय, ते मात्र विसरता येत नाही. 'पूर्वगामी' म्हणायचं असावं.

पाटीपेन्सिल :
लेखक वेस्लीकडे झुकणारा आहे. निवड ठेवतो मग, 'देवाने निवडून घेतलेले' असं लांबवून. पण विश्वासी की विश्वासू?

खटपट्या :
'विश्वासी' मराठी नाही. हिंदीतून आलाय. 'विश्वास ठेवणारे' म्हणा, छापील बायबलात तेच आहे.

उंबरठा :
छापील बायबलात असेल. उपासनेला येणारे लोक मात्र एकमेकांना सर्रास 'विश्वासी' म्हणतात. त्यांचा शब्द त्यांना विचारून ठरवायचा की समासात गोल काढणाऱ्यांना विचारून?

खटपट्या :
लोक म्हणतात म्हणून सगळंच शुद्ध ठरत नाही.

जुनीवही :
'विश्वासू' तर नोकराला चिकटलाय. येशूच्या दाखल्यातला 'भला आणि विश्वासू दास' आठवा. त्यात श्रद्धेचा भाग जातो आणि फक्त इमानदारी उरते.

स्वल्पविराम :
जाऊ दे ना! त्या दाखल्यात हिशेबच तर मागितलाय. याकोबाचं पत्र तेच सांगतं, कृतीवाचून विश्वास मेलेला. धर्मसुधारक लूथरला ते पत्र गवताचं, म्हणजे हलकं वाटलं, सगळ्यांना वाटायला हवं असं नाही.

मोडीवाचक :
गहाणावरून आठवलं. इफिस १:१४ मध्ये पवित्र आत्म्याला 'वतनाचा विसार' म्हटलंय. ग्रीक 'अर्राबोन', मूळ सेमिटिक. उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात यहूदा तामारेकडे आपली मुद्रा, गोफ आणि काठी ठेवतो, तिथे हिब्रूत हाच शब्द गहाण म्हणून येतो. म्हणजे तारण, विसार, खंडणी, सगळं बायबल व्यवहाराच्या कागदातलंच आहे. बाईंना हे दाखवा.

खटपट्या :
'विसार' नव्हे, 'इसार'. इसारपावती.

मोडीवाचक :
दोन्ही चालतं. लिहिताना विसार.

उंबरठा :
शुद्धतेचं म्हणत होता ना? 'वतन' अरबी आहे.

खटपट्या :
ते मराठीने कधीच पचवलं.

उंबरठा :
मग 'विश्वासी'ही पचेल.

जुनीवही :
मला 'वतन' वेगळ्या कारणाने आवडतं. वारसा नुसता मिळतो, वतनाला चाकरी चिकटलेली असते. चाकरी केली नाही तर वतनावर बसायचा हक्क काय?

स्वल्पविराम :
वतनाला चाकरी चिकटवलीत की कृपेचं काय राहिलं? मघाशी मला तेराव्या वचनावरून सुनावलं होतंत!

खटपट्या :
तसंही कनिष्ठ गाव वतनं १९५८ च्या कायद्याने गेली. आजच्या पोराला वतन म्हणजे हिंदी गाण्यातला देश.

मोडीवाचक :
मग तर बसतंच. फिलिप्पै ३:२०, आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे.

खटपट्या :
तिथे मूळ शब्द वेगळा आहे.