गॅरेजच्या खिडक्यांना काय लावू? ऊन आणि डोकावणारे, दोन्ही थांबवायचेत

लोकहो, मदत हवीये.

कोथरूडला आमचा जुना बंगला आहे, त्याच्या गॅरेजला रस्त्याच्या बाजूने तीन खिडक्या, तिन्ही पश्चिमेला. कार त्यात मावतच नाही (हल्लीच्या गाड्या केवढ्या असतात!) त्यामुळे आत बाबांची चेतक, माझं सुतारकामाचं टेबल आणि घरात कुणालाच टाकून देववत नाही असं सगळं सामान. दुपारी तीनपासून ऊन जे थेट आत येतं ते सूर्य मावळेपर्यंत हलत नाही. चेतकच्या सीटवर जिथे उन्हाचा पट्टा पडतो तेवढंच रेक्झिन तडकलंय, बाकी सीट शाबूत.

दुसरा ताप म्हणजे लोक. मी रंधा मारत असलो की कुणीतरी काचेला नाक लावून बघत असतं, मग "चेतक द्यायचीये का?" हे ठरलेलं. ते एक वेळ चालेल, पण ड्रिल, ग्राइंडर सगळं रस्त्यावरनं दिसतं त्याची काळजी जास्त.

खिडक्या जुन्या लोखंडी फ्रेमच्या, पल्ले बाहेर उघडतात, ग्रील आतून. दोन खिडक्यांना साधी काच, एकीला ती डिझाइनची खडबडीत. उजेड तर हवाच नाहीतर भर दुपारी ट्यूब लावून बसायचं, आणि पेट्रोलचा वास असतो म्हणून हवाही हवी. सध्या वर्तमानपत्रं चिकटवलीत, आई म्हणते घर पाडायला दिलंय असं वाटतं. सनफिल्म, पडदे का हिरवी जाळी? आणि काळी फिल्म बेकायदा आहे म्हणे, ते घरालाही लागू आहे का?

खटपट्या:
ते गाड्यांचं हो. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाड्यांच्या काचांवरची फिल्म बंद केली ना, तेच कुणीतरी तुम्हाला सांगितलं असणार. घराच्या खिडकीचा काही संबंध नाही. पण तुम्ही गडद फिल्म घेऊ नकाच, एक तर उजेड जाईल आणि जुनी काच उन्हात तापून तडकूही शकते. आरशासारखी वन-वे फिल्म दिवसा झकास, मात्र संध्याकाळी आत दिवा लावलात की उलटं होतं, तुम्हाला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरच्यांना तुमचा फुल शो. दुधी फ्रॉस्टेड घ्या. पेपर भिजवून ब्लेडने खरवडा, काच नीट पुसा, पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून फवारा, ओल्यावरच फिल्म ठेवायची आणि मधून कडेकडे वायपर ओढत पाणी काढायचं. खडबडीत काचेला सोडून द्या, तिथून तसंही कुणाला काही दिसत नाही आणि त्या बाजूला फिल्म धरणारही नाही.

उन्हाळीताई:
फिल्मने नजरा अडतील, फ्रॉस्टेडने उकाडा फार कमी होणार नाही. ऊन एकदा काचेतून आत शिरलं की आतला पडदा फक्त तिरीप अडवतो, गरमी खोलीतच राहते. त्यामुळे जे काय लावायचं ते काचेच्या बाहेर. कुणी छज्जा वाढवा म्हणालं तर पैसे घालवू नका, मे महिन्याच्या मध्याला पुण्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतात तो दिवस, तेव्हा छज्जा कामाचा, पण पाच वाजता सूर्य खिडकीच्या समोर उभा असतो त्याला छज्जा काय करणार? बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, लावा, बुरुड आळीत मापाने करून देतात. भिंतीला नाही, छज्ज्याच्या पुढच्या कडेला टांगा म्हणजे मागे पल्ला थोडा तरी उघडेल. पाऊस सुरू झाला की उतरवून ठेवायची, नाहीतर बुरशी. हिरवी जाळी स्वस्त पडते, पण नव्वद टक्के सावलीवाली घेतलीत तर गुहा होईल, पन्नास किंवा पंच्याहत्तर बघा.

मूळ प्रश्नकर्ता:
छज्ज्याच्या कडेला टांगायचं सुचलंच नव्हतं, थॅंक्यू ताई! छज्जा दीड फुटाचा आहे, पल्ला अर्धा नक्की उघडेल. मग साध्या काचांना खालच्या भागात फ्रॉस्टेड, वरचा भाग मोकळा आणि बाहेरून चिक असं करतो. पण वळवाच्या वाऱ्यात ती चिक फडफडून काचेवर आपटणार नाही का?

उन्हाळीताई:
आपटणार. खालच्या दांडीच्या दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी आणि भिंतीत दोन हुक, वारा सुटला की ताणून बांधायची किंवा सरळ गुंडाळून वर.

खटपट्या:
पल्ला मात्र कायम उघडा ठेवा, पेट्रोलची गाडी आत आहे आणि तुम्ही ग्राइंडर चालवता, ठिणग्या उडतात, चेतक आधी बाहेर काढत जा. आणि सीटवर सुती चादर टाका, प्लास्टिकचं कव्हर नको, पावसाळ्यात आत ओल धरते आणि पत्रा गंजतो.