पीडब्ल्यूके कार्बचा एअर स्क्रू महिन्यात दोनदा पडला, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार,

२०१२ची हिरो इम्पल्स मोटरसायकल आहे. ऑफिसला नेत नाही. रविवारी पहाटे दिवे घाट चढायचा, वरच्या माळावर मनसोक्त धूळ खायची आणि ऊन तापायच्या आत घरी, एवढंच तिचं काम. मूळच्या सीव्ही कार्बच्या (कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) डायफ्रॅमला, आतल्या रबरी पडद्याला, चीर गेली, म्हणून दिवाळीनंतर नाना पेठेतून पीडब्ल्यूके २८ हा दुसऱ्या जातीचा कार्ब आणून बसवला. कॉपी आहे, ओरिजिनल नाही, ते माहीत आहे. त्यावरून बोलणी नकोत, घरी पुरेशी खाल्लीत.

आयडलची, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरची, हवा कमी-जास्त करणाऱ्या पितळी एअर स्क्रूपर्यंत स्क्रू ड्रायव्हर नीट पोचत नाही, फ्रेम आडवी येते. म्हणून बोटांनी फिरवता येणारा लांब स्क्रू घेतला. लाल रंगाचा अ‍ॅल्युमिनियमचा नॉब, दिसायला झकास. तो महिन्यात दोनदा पडला. पहिल्यांदा टाकीखालच्या वायरिंगमध्ये अडकलेला सापडला. दुसऱ्यांदा स्प्रिंगसकट गायब.

पडल्याचं आधी कळलंच नाही. अर्ध्या थ्रॉटलला गाडी ठीक पळत होती. उतारावर थ्रॉटल सोडला तर आरपीएम खाली यायलाच तयार नाही, सायलेन्सरमधून फटफट आवाज, आणि थांबलो की बंद. वाकून पाहिलं तर स्क्रूच्या जागी नुसतं भोक. मग बाभळीची काडी सोलून भोकात दाबली, वरून चिकटपट्टी मारली आणि चोक थोडा ओढून कसाबसा घाट उतरलो. मागे बसलेला मित्र वाटभर हसत होता.

आता नवा स्क्रू आणलाय, तसाच, नॉबवाला. स्प्रिंग ओढून लांब केली. ओळखीच्या गॅरेजवाल्या दादांना विचारलं तर म्हणाले, "एम-सील लावून टाकू, परत यायचं काम नाही." मी गाडी घेऊन परत आलो.

तर प्रश्न असा की हा स्क्रू जागेवर राहील, पण हवा तेव्हा फिरवताही येईल, असं काय करता येईल? आणि जाता जाता दुसरं: उडी मारली की कार्ब मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडणाऱ्या नळीच्या) रबरात किंचित वाकडा होतो. मागे गोल फिल्टर थेट कार्बला लावलेला आहे.

चिखल्या: लॉकटाइट २४३ चा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. विषय संपला.

जेटवाला: चिखल्या, हँडलबारच्या बोल्टला लाव की, कोण नको म्हणतंय. एअर स्क्रूला नको. स्क्रूचं टोक ज्या बारीक वाटेत बसतं तिथे तो थेंब उतरला की आयडलचं सर्किट बंद. शिवाय हा स्क्रू फिरवण्यासाठीच असतो. टेफ्लॉन टेपही नको, तिचे तुकडे नेमके पायलटच्या, म्हणजे याच आयडल सर्किटच्या, वाटेत जाऊन बसतात.

धागाकर्ते, एक सांगा. इंजिन गरम असताना स्क्रू पूर्ण आत बसवून मोजलं, तर किती फेरे बाहेर ठेवलाय?

धागाकर्ता: सव्वातीन. त्याच्या आत घेतला की आयडलला गुदमरते, प्लगही काळा येतो.

जेटवाला: मग रोग तिथेच आहे, नॉब उगाच बदनाम झाला.

या स्क्रूला जागेवर धरून ठेवते ती फक्त स्प्रिंग. जितका बाहेर काढाल तितकी ती सैल. सव्वातीन फेऱ्यांवर स्प्रिंगमध्ये दम उरत नाही आणि आत आटेही मोजकेच धरलेले असतात. वर तुमचा लांब नॉब. एक सिलेंडरचं इंजिन थरथरतंय आणि त्या टोकाला वजन लटकलंय, म्हणजे तो स्वतःच स्वतःला उघडत जातो. मूळचा आखूड पितळी स्क्रू एवढ्या लवकर पडला नसता, पण सव्वातीनवर तोही भरवशाचा नाही.

आता तो एवढा बाहेर का लागतोय ते बघा. तुमच्या कार्बमध्ये हा हवेचा स्क्रू आहे. बाहेर काढला की हवा जास्त, मिश्रण पातळ. एवढी हवा देऊन कुठे गाडी ताळ्यावर येतेय, म्हणजे पायलट जेट (आयडलचं पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची नळी) मोठा आहे. कार्बच्या तळाची पेट्रोलची वाटी, म्हणजे बाउल, खोलून जेटवरचा आकडा वाचा आणि एक साइज खाली या. साधा हिशेब: अडीच फेऱ्यांच्या पुढे गेलात तर पायलट लहान करा, एकाच्या आत आलात तर मोठा करा. मात्र जेटला हात लावण्याआधी चोकचा प्लंजर पूर्ण खाली बसतोय ना आणि बाउलमधल्या फ्लोटची (तरंगत्या भागाची) पातळी बरोबर आहे ना, एवढं पाहून घ्या. त्यातलं काही बिघडलेलं असलं तरी लक्षणं हीच दिसतात.

आणि यूट्यूबवर एफसीआर या वेगळ्या जातीच्या कार्बचे व्हिडिओ बघून हे करू नका. त्यात इंजिनच्या बाजूला इंधनाचा स्क्रू असतो, त्याचं गणित उलटं: बाहेर काढला की मिश्रण घट्ट. त्याला स्प्रिंग, मग वॉशर, मग ओ-रिंग अशी उतरंड असते आणि बाजारातले लांब स्क्रू त्यातूनही पडतात. तिथे ओ-रिंग कडक झाली तर स्क्रू जागेवर असूनही आरपीएम लटकतो. ई२० (इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या दिवसांत तिथे साधी रबरी रिंग न घालता व्हिटॉनची, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची, घाला, हायड्रॉलिक सीलच्या दुकानात मिळते.

भोसरीकर: स्प्रिंग ओढून लांब करू नका, चार दिवसांत परत बसते. त्याच व्यासाची, जरा जाड तारेची घ्या. बसवताना स्क्रू आत टेकला की बोटं थांबली पाहिजेत. पिळत राहिलात तर टोकाला खाच पडते, मग कितीही फेरे मोजा, उपयोग नाही.

ती बाभळीची काडी मात्र मनातून जात नाही हो. भोकात लाकडाचा भुसा राहिला असेल तर नवा स्क्रू त्याला पुढे ढकलेल. कार्ब काढून कार्ब क्लीनरचा फवारा मारा, पायलटच्या वाटेतून हवा आरपार येतेय का बघा. डोळ्यांवर चष्मा घाला, फवारा भलत्याच भोकातून तोंडावर येतो, स्वानुभव.

चिखल्या: लॉकटाइट मागे घेतो. पण कार्ब वाकडा होतोय त्याचं काय?

भोसरीकर: ते फिल्टरचं वजन. एअरबॉक्स (फिल्टरचा मूळ डबा) होता तेव्हा कार्बला दोन्ही बाजूंनी आधार होता, आता मागची बाजू अधांतरी आहे. उडीनंतर गाडी आपटली की फिल्टर खाली ओढतो आणि रबर वाकतं. कार्बचं तोंड आणि रबराची आतली बाजू पेट्रोलने पुसून कोरडी करा. बसवणाऱ्याने सोपं जावं म्हणून तिथे ग्रीस लावलेलं असतं पुष्कळदा. मग होज क्लिप आवळा. रबराला भेगा असतील तर मॅनिफोल्डच बदला, क्लिप आवळून भेग बुजत नाही. आणि फिल्टरला खालून पत्र्याची एक पट्टी देऊन फ्रेमला बांधा. शक्य असेल तर एअरबॉक्सच परत घाला. माळावरच्या धुळीत उघडा फिल्टर मला तरी पटत नाही.

हो, बाउलमधलं पेट्रोल सोडायचा ड्रेन स्क्रूही बघत जा. एअर स्क्रू पडला तर गाडी रडते. ड्रेन स्क्रू पडला तर पेट्रोल गरम इंजिनवर गळतं, ते जास्त वाईट.

धागाकर्ता (तीन रविवारांनंतर): सगळ्यांचे आभार. बाउल खोलला. पायलटवर ४२ होतं, ३८ घातला. आता गाडी पावणेदोन फेऱ्यांवर गोड चालते, थ्रॉटल सोडला की आरपीएम शहाण्यासारखा खाली येतो. वाटेत खरंच काडीचा एक तुकडा निघाला, भोसरीकर, तुमचं म्हणणं बरोबर होतं. मूळचा पितळी स्क्रू जाड स्प्रिंगसह परत लावला आणि फ्रेमच्या आडून पोचावा म्हणून एक स्क्रू ड्रायव्हर कापून बोटभर केला. स्क्रूच्या डोक्यापासून कार्बच्या अंगापर्यंत बायकोच्या नेलपॉलिशची रेघ ओढली आहे. चिकटवायला नाही, हलला तर दिसावा म्हणून. परवा घाटावरून आल्यावर बॅटरी मारून पाहिलं, रेघ सरळ आहे.

पट्टीही बसवली. एअरबॉक्सचं बघतो, नव्या कार्बला तो जुना रबरी गळा बसत नाहीये.

माळावर कोणाला लाल नॉब सापडला तर ठेवून घ्या.