धागा : ‘एलिट’ खेळलेल्या सातारा-सांगलीकरांनो, लिहा!

१९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरवर हा अंतराळातल्या व्यापाराचा गेम आणला. एक कोब्रा यान, खिशात १०० क्रेडिट (गेममधले पैसे), पुढं काय करायचं ते कुणी सांगत नाही. पुढं तो पीसीवर आला. तुम्ही कुठं खेळलात?

गोदोलीकर : साताऱ्यात, ताईच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, सर जेवायला गेले की! खरी परीक्षा अंतराळ स्थानकात शिरायची. ते गरागरा फिरणार, आत जायची फट ग्रहाच्या बाजूला, आणि आपलं यान त्याच वेगानं फिरवत आत घालायचं. सेव्ह करायची सोय आत शिरल्यावरच. नेमकी फटीशी पोचलो की लाइट जायची. १५०० क्रेडिटला आपोआप शिरणारं यंत्र मिळायचं, पण ताई घेऊ द्यायची नाही. तिला स्वतःला हातानं शिरणं एका दमात जमायचं, म्हणून!

मिरजेचा_मी : पडद्यावर नुसत्या रेषा, शेवट नाही. आम्ही आपले ‘डेंजरस डेव्ह’ हा दुसरा गेम खेळणारे.

कराडचा मास्तर : शेवट नाही हीच तर गंमत. ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि मायक्रोची मेमरी अवघी ३२ केबी! ग्रहांची यादी साठवलेलीच नाही. सुरुवातीला तीन संख्या घ्यायच्या (त्यांना बीज म्हणतात), फिबोनाचीसारख्या बेरजा करत जायच्या. नाव, जागा, राज्यव्यवस्था सगळं त्यातूनच निघतं. म्हणून साताऱ्यातला लावे ग्रह आणि लंडनमधला लावे एकाच जागी. हा हिशोब मी पोरांना सी भाषेत करायला देतो. पडद्यावर पहिलं नाव ‘टिबेडाइड’ उमटलं की वर्ग ओरडतो.

हळदवाला_सांगली : आमची मार्केट यार्डात अडत. काकांच्या लेखी गेम म्हणजे पोरखेळ. एकदा मागं उभं राहून बघत होते. लावेवर धान्य स्वस्त, ते झाओन्सला विकायचं, येताना संगणक भरायचे. म्हणाले, “अरं, परतीचं भाडं सुटतंय की रं!” मग रोज जेवण झालं की खुर्ची ओढून बसायचे, मला भाव वाचायला लावायचे. गुलाम आणि अमली माल यादीत दिसला तेव्हा मात्र, “त्यात पडायचं न्हाई.” माल फक्त २० टन, फार तर ३५. “दुसरी गाडी का घेत न्हाईस?” पण त्यात यान बदलताच येत नाही.

परवा त्यांना ऊलाइट दाखवला. त्याच धर्तीचा, फुकट, आणि त्यात नवं यान घेता येतं. यानाची किंमत बघून काका विचारतायत, हप्त्यावर देतात का.