कृष्णविवरापाशी मनाचं घड्याळही मंदावतं का?

औंढेकर:
आमच्या औंढ्याजवळ लायगोची, म्हणजे कृष्णविवरं आदळली की उठणाऱ्या गुरुत्वलहरी टिपणारी, वेधशाळा व्हायलीय, २०२३ ला केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. तेव्हापासून पारावर कापसाच्या भावासंगं कृष्णविवरंही निघतात, ज्यांच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही ती. माझं म्हणणं असं की काळ ही मनाची करणी. टँकरची वाट बघताना दहा मिनिटं सरत नाहीत, अन् नर्सीला कीर्तनात बसलं की रात्र कधी गेली कळत नाही. मग कृष्णविवराजवळ काळच मंदावतो म्हणल्यावर जाणीवही पसरणार. एक क्षण युगासारखा! समाधी वेगळी काय असते?

गोदाकाठ:
काका, तूर अन् ज्वारी एकाच पोत्यात भरायलात. टँकरपाशी मंदावतं ते मन. घड्याळ ठीकच चालतं. कृष्णविवरापाशी घड्याळ, नाडी, मेंदू सगळं सारखंच मंदावतं, म्हणून तिथल्या माणसाला काहीच वेगळं वाटणार नाही. चहा नेहमीसारखाच उकळणार. फरक दिसतो तो दूरच्या घड्याळाशी ताडून पाहिल्यावर. जड वस्तूच्या जेवढं जवळ तेवढा काळ मंद, पृथ्वीपाशीही तसंच. अहो, २०१० साली अमेरिकेत एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा फक्त ३३ सेंटिमीटर वर ठेवलं तरी वरचं पुढं गेलेलं मोजता आलं. म्हणजे माळवदावर झोपणारा खालच्या खोलीत झोपणाऱ्यापेक्षा कणाचाही कण जास्त म्हातारा होतो. तुम्हाला कधी जाणवलं?

औंढेकर:
माळवदावर झोप चांगली लागते एवढं जाणवलं. पण ते ब्रिटिश शास्त्रज्ञ पेनरोज? २०२० चं नोबेल कृष्णविवरावरच मिळालं त्यांना, अन् तेच म्हणतात की जाणिवेत गुरुत्वाकर्षणाचा हात आहे. ते काय येडे हायेत?

एक परभणीकर:
नोबेल कृष्णविवराच्या गणिताला मिळालं, मनाच्या कल्पनेला नाही. मेंदूतल्या सूक्ष्म नलिकांत क्वांटम अवस्था, म्हणजे अणूंच्या पातळीवरची फार नाजूक अवस्था, टिकते हे त्या कल्पनेचं मूळ. भौतिकशास्त्रज्ञ टेगमार्क यांनी २००० साली हिशोब मांडला की मेंदूच्या उबेत ती सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्याही आत मोडते. पेनरोजच्या बाजूच्यांना तो हिशोब मान्य नाही. वाद चालू आहे, पण त्यावर समाधीचा मांडव घालू नका.

उंटावरचा शहाणा:
अरे पण तिथं बसणार कुठं? आकाशगंगेच्या मधलं कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वजनाचं. काळ इथल्या निम्म्या वेगानं चालायला मध्यापासून १.७ कोटी किलोमीटरवर इंजिन लावून एका जागी थांबावं लागेल. तिथं आपलं वजन इथल्या चार लाख पट! समाधी राहू द्या, पापड होईल. फेऱ्या मारत राहिलात तर वजन जाणवणार नाही, पण न फिरणारं कृष्णविवर धरलं तर सगळ्यात आतल्या टिकाऊ कक्षेतही तिथल्या एका वर्षाला इथली साधारण १.४ वर्षंच होतात. युग कुठलं?

औंढेकर:
बरं, थांबूच नका. आत पडणाऱ्याचं सांगा. त्याला तरी तो क्षण लांबलेला वाटल का नाही?

गोदाकाठ:
आता नेमकं विचारलंत. याच कृष्णविवराची सीमा, जिच्या आतून परत येता येत नाही ती, ओलांडली की मध्याशी चुराडा होईपर्यंत काहीही करा, तुमच्या स्वतःच्या घड्याळानं जास्तीत जास्त ६६ सेकंद हातात. आणि भीतीबद्दल एक प्रयोग आहे. २००७ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ ईगलमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना ३१ मीटरवरून जाळीत पडू दिलं. आपलं पडणं दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा ३६ टक्के जास्त वेळ चाललं असं ती सांगत होती. पण मनगटावरच्या यंत्रात भराभर बदलणारे आकडे त्यांना पडताना काही जास्त वाचता आले नाहीत. म्हणजे वेळ लांबला तो नंतर, आठवताना.

औंढेकर:
अन् आत पडलेल्याला 'नंतर' कुठाय?

गोदाकाठ:
तेच.

औंढेकर:
मग ६६ सेकंद सरळच जायचे म्हणा त्याचे. वाईट वाटलं राव.